टाइम लावणारे रणपिसे

आमच्या तळवड्याच्या वर्कशॉपमध्ये हल्ली प्रत्येक मशीनवर एक काळी डबी बसवली आहे. नग पडला की ती आपोआप मोजते आणि मालकाच्या मोबाइलवर आकडा दिसतो. मागे कोणी उभं राहत नाही. तरीही गेल्या महिन्याभरात मी कितीदा तरी मान वळवून डाव्या खांद्यामागे बघितलं असेल. तिथे रणपिसे साहेब नाहीत हे कळायला मला दर वेळी थोडा वेळ लागतो.

मी चाकणच्या एका कंपनीत ड्रिलिंग मशीनवर होतो तेव्हा साहेब टाइम स्टडीला होते. कामगारांच्या भाषेत सांगायचं तर ते टाइम लावायचे. एखाद्या कामाला नेमके किती सेकंद लागतात हे घड्याळाने मोजायचं आणि त्यावरून तासाला किती नग निघाले पाहिजेत तो नॉर्म ठरवायचा. कारखान्यात याहून नावडतं काम नाही. सुपरवायझरला दिवसभर शिव्या घालणारी माणसंही जेवणाच्या सुट्टीत त्याच्याच टेबलावर बसतात. रणपिसे साहेब मात्र कँटीनमध्ये वर्षानुवर्षं एकटे जेवले. ते शॉपमध्ये शिरले की दारापासून शेवटच्या मशीनपर्यंत कुजबुज पोचायची, "काटा आला रे, काटा!" आणि सगळ्यांचे हात एकदम जड व्हायचे.

दिसायला माणूस साधा. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन्सिल. हातात लाकडी पॅड आणि पॅडच्या वरच्या कोपऱ्यात अडकवलेलं स्टॉपवॉच. उभे राहायचे ते नेहमी आपल्या डाव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर. बोलायचे नाहीत. फक्त बटणाचा टक असा आवाज यायचा. मला वाटायचं, या माणसाला आपल्याला घाम फुटलेला बघायला मजा येत असणार. पुढे एकदा चटकन मागे वळून पाहिलं तर घाम त्यांच्याच कपाळावर होता. दहा वेळा मोजून झालं तरी अकराव्यांदा मोजायचे, मग पेन्सिलीचं टोक चावत उभे राहायचे. एका सेकंदाची चूक झाली तर ती पुढची पाच वर्षं कुणाच्या तरी हातांना भोवते, ही त्यांची धास्ती होती. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी मी दया दाखवली नसती.

कारण त्यांनी मला पकडलं होतं. टाइम लावताना ऑपरेटरने जरा हळू काम करायचं, म्हणजे नॉर्म सैल पडतो, हे चाकणमधल्या कुठल्याही मशीनवरच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. नुसतं हळू केलं तर कळतं. म्हणून मी फडकं वापरायचो. नग काढला की पुसायचा, उजेडात धरायचा, पुन्हा पुसायचा. साहेब चाळीस मिनिटं मागे उभे होते. जाताना पहिल्यांदाच तोंड उघडलं. "जाधव, फडकं फार स्वच्छ आहे. रोज एवढं पुसत असतात तर काळं झालं असतं."

नॉर्म वाढला. मी आठ दिवस कँटीनमध्ये तोंड पाडून जेवलो.

पण त्याच माणसाने पुढच्या उन्हाळ्यात मॅनेजरच्या केबिनमध्ये दीड तास भांडण केलं. विषय होता सवलतीचा. टाइम स्टडीत कामाचा निव्वळ वेळ मोजून झाला की त्यात वर काही टक्के मिळवतात. माणूस थकतो, पाणी पितो, लघवीला जातो, त्याचे ते टक्के. मॅनेजरला ते आठ हवे होते. साहेब म्हणत होते बारा. पत्र्याखाली मे महिन्यात आठ चालत नाहीत म्हणून ते स्वतः तीन दिवस, पूर्ण शिफ्ट, आमच्या शॉपमध्ये उभे राहिले आणि दर तासाला आपण किती पाणी प्यायलो ते लिहून काढलं. तो कागद घेऊन ते केबिनमध्ये गेले होते. बाहेर आले तेव्हा बारा मिळाले होते. आम्ही कुणी आभार मानले नाहीत. त्यांचंही काही म्हणणं नव्हतं, ते पॅड घेऊन पुढच्या मशीनवर गेले.

त्या बारा टक्क्यांचं मूळ मला फार नंतर कळलं. त्यांचे वडील पिंपरीत एका कारखान्यात हेल्पर होते. पहिल्या शिफ्टहून घरी आले की त्यांचे हात इतके थरथरायचे की ताटातला घास तोंडापर्यंत जायचा नाही. आई भरवायची. "मी लहान होतो, मला वाटायचं बाबा लाडात आलेत," साहेब म्हणाले होते. एवढंच म्हणाले आणि विषय बदलला.

निवृत्तीनंतर ते चिखलीत आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आले, अगदी आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. मी बायकोला म्हणालो, "आता संपलं. हा माणूस आपण भाजी किती वेळात चिरतो तेसुद्धा लिहून ठेवणार." फार चुकलो नाही. टँकरने टाकी भरायला किती मिनिटं लागतात, कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये किती वेळ जातो, तिन्ही जिने चढायला गेल्या वर्षीपेक्षा किती सेकंद जास्त लागतात, सगळं एका वहीत होतं. त्यांच्या बायको, मालतीताई, मावळातल्या खेड्यातल्या. त्या हसत हसत सांगायच्या, "आवं भावजी, आमच्या लग्नात पंचशील किती मिन्टात झालं त्ये ह्यांना आजून पाठ हाय. नवरीची साडी इचारा, त्ये ठाव न्हाई."

त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा. तळवड्याच्या आयटी पार्कात एका ऑफिसात लागली होती. तिथून येताना रस्त्यावरच्या खडीत तिची स्कूटर घसरली आणि मांडीच्या हाडात सळई घालावी लागली. सहा महिन्यांनी ती काठीने चालायला लागली, पण बिल्डिंगला लिफ्ट नाही. तीन जिने उतरायचे म्हणजे तिला वीस मिनिटं आणि चढायचे म्हणजे त्याहून जास्त. ऑफिसने हात वर केले. वर्षभर ती घरात खिडकीशी बसून होती. त्या वर्षात साहेबांची वही मी पाहिली नाही.

मग तिला घरबसल्या काम मिळालं. विम्याचे हाताने भरलेले फॉर्म पडद्यावर यायचे, ते वाचून रकाने भरायचे आणि पाठवायचे. कॉम्प्युटर स्वतःचा हवा, सॉफ्टवेअर कंपनीचं. तासाला अठ्ठावन्न फॉर्म. आठवड्याची सरासरी त्याखाली गेली की नावापुढे लाल खूण. तीन महिन्यांत तीन लाल झाले की काम बंद. तिच्या बॅचमध्ये चाळीस जणी होत्या, कुणी पुनावळ्यात, कुणी भोसरीत, सगळ्या आपापल्या घरात. प्रज्ञाने कितीतरी दिवसांनी केस नीट बांधले, असं मालतीताईंनी माझ्या बायकोला सांगितलं तेव्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं.

पहिला आठवडा लाल. दुसरा आठवडाही लाल.

साहेब खाली आमच्याकडे आले ते चप्पल न घालताच. "जाधव, पोरगी चपळ आहे हो. मी बघतोय ना. मग पंचेचाळीसच का पडतात?" मी म्हणालो, नवीन आहे, हात बसेल. ते म्हणाले, "हात बसलाय. तुम्ही वर चला."

वर गेलो. प्रज्ञा कॉम्प्युटरवर बसली होती, दुखरा पाय स्टुलावर. साहेब सवयीने तिच्या डाव्या खांद्यामागे उभे राहिले आणि त्यांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं. इतक्या वर्षांनी तो टक आवाज ऐकला आणि मी नकळत ताठ उभा राहिलो. फॉर्म भरायला पन्नास सेकंद. पाठवल्यावर पुढचा फॉर्म उघडायला तीस. त्या तीस सेकंदांत प्रज्ञा हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहायची आणि कॉम्प्युटरच्या खालच्या डब्यातून करकर असा आवाज येत राहायचा.

"ऐकलंत?" साहेबांनी डब्याला कान लावला. "तुमच्या मशीनशेजारी रॅक होतं ना, हाताशी नग ठेवायचं? समजा, रॅक चार नगांचं आहे आणि काम सहा नगांचं. मग दर वेळी एक नग स्टोअरला ठेवून या, दुसरा घेऊन या. ही करकर म्हणजे त्याची स्टोअरची फेरी आहे. मेमरी म्हणजे रॅक आणि हार्ड डिस्क म्हणजे स्टोअर." मेमरी किती भरली ते दाखवणारी एक खिडकी त्यांनी पडद्यावर उघडली. चार जीबीपैकी जवळजवळ सगळी भरलेली. "हे तीस सेकंद मशीनचे आहेत, माणसाचे नाहीत. आणि ते पोरीच्या नावावर लावतात!" त्यांचा आवाज चढला होता. प्रज्ञा म्हणाली, "बाबा, हळू. माझा वेळ जातोय."

दुसऱ्या दिवशी ते चिखलीतल्या दुकानातून मेमरीच्या पट्ट्या घेऊन आले. दुकानदार म्हणाला होता, सोळा जीबी टाका काका, विमान होईल. साहेबांनी चारची एक पट्टी विकत घेतली आणि आठच्या दोन परत करायच्या बोलीवर तपासायला आणल्या. विमान म्हणजे किती सेकंद, हे त्यांना मोजायचं होतं.

प्रज्ञाचं काम दुपारी दोनला सुरू व्हायचं. बारा वाजता त्यांनी डबा उघडला, जुन्या पट्टीशेजारच्या खाचेत नवी बसवली, बटण दाबलं, तर पडदा काळा. डब्यातून तीन लांब शिट्ट्या. पुन्हा बटण, पुन्हा तीन शिट्ट्या. नवी काढून जुनी एकटी लावली तरी काळाच पडदा. आता तेही चालेना. एक वाजला तेव्हा मालतीताई जिन्यावरून ओरडल्या, "भावजी, वर या वं, ह्यांचं हात कापाया लागलेत!"

मी गेलो. खरंच कापत होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या हातांचा हिशेब ठेवलेला माणूस स्वतःचे दोन हात मांडीखाली दाबून बसला होता. प्रज्ञा सारखी घड्याळाकडे बघत होती. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण पट्टी बसलेली नाही एवढं दिसत होतं. खाचेच्या एका टोकाची चिमटी वर आली होती आणि दुसऱ्या टोकाची नाही. साहेबांनी सांगितलं तसं मी पट्टीच्या सोनेरी दातांवरून प्रज्ञाचं खोडरबर फिरवलं, फुंकर मारली, दोन्ही अंगठे ठेवून दाबलं. दोन्हीकडून खट् झालं. दुसरीही तशीच बसवली. पडदा उजळला तेव्हा एक वाजून एकोणचाळीस मिनिटं झाली होती. साहेबांनी ती वेळ वहीत लिहिली, अक्षर वाकडंतिकडं.

त्या दिवसाचा निकाल माझ्या अजून लक्षात आहे, कारण साहेबांनी तो मला चार वेळा वाचून दाखवला. चारचे आठ जीबी केल्यावर पुढचा फॉर्म उघडायला तीसच्या जागी पाच सेकंद. करकर जवळजवळ बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी सोळा करून बघितले, तरी पाचच. सेकंदाचाही फरक नाही. "रॅक सोळाचं केलं म्हणून काय, माल सहाचाच आहे," ते म्हणाले आणि खुशीत आठच्या दोन्ही पट्ट्या दुकानदाराला परत देऊन आले. कॉम्प्युटर सुरू व्हायला मात्र पूर्वीइतकीच चार मिनिटं लागत होती. तो वेळ डिस्कचा, त्यात मेमरीचा काही संबंध नाही, असं त्यांनी दुकानदारालाही ऐकवलं.

पन्नास आणि पाच, पंचावन्न सेकंद. म्हणजे तासाला पासष्ट फॉर्म. त्या आठवड्यात प्रज्ञाची हिरवी खूण आली. मालतीताईंनी खीर करून बिल्डिंगभर वाटली.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण साहेबांना ते दोन लाल खुपत होते. आपल्या पोरीवर खोटा ठपका आहे आणि तो कागदावर सिद्ध करता येतो, मग का करू नये? त्यांनी तीन रात्री बसून शीट तयार केलं. मेमरी वाढवण्याआधी आणि वाढवल्यानंतर, प्रत्येक क्रियेचे सेकंद, दहा-दहा नोंदी, खाली सरासरी आणि शेवटी सवलत बारा टक्के. कारखान्यात असताना करायचे तस्संच. प्रज्ञा नको म्हणत होती. "बाबा, कशाला त्यांच्या डोळ्यांवर यायचं?" ते म्हणाले, "शीट बघितलं की कुणीही मान्य करतं. तीस वर्षं हेच केलंय मी." तिने तिच्या टीम लीडरला ते पाठवलं. टीम लीडरचा फोन आला. फारच सुंदर काम आहे, सर, आम्ही याचा नक्की उपयोग करू, असं म्हणाला. साहेबांनी स्पीकर चालू ठेवून आम्हा सगळ्यांना तो फोन ऐकवला.

सोमवारी चाळीसही जणींना निरोप आला. आठ जीबी मेमरी सक्तीची. नवा नॉर्म तासाला पासष्ट. प्रज्ञाचे दोन लाल जसेच्या तसे.

कंपनीने शीटमधली सरासरीची ओळ घेतली होती. खालचे बारा टक्के सोडून दिले होते.

मी रात्री नऊच्या सुमाराला कामावरून आलो तेव्हा साहेब आमच्या दारासमोरच्या पायरीवर बसले होते. आत या म्हटलं तर उठेनात. "पद्धत सुधारली की नॉर्म वाढतो," ते म्हणाले. "मशीनचा वेळ कमी झाला, वाढवा आकडा. मी स्वतः किती वेळा केलंय, जाधव. तुमच्या शॉपमध्ये ड्रिलखाली नग धरायचं नवीन जिग आलं होतं, पंधरा दिवसांत मी पॅड घेऊन हजर. आणि हे मला सुचलं नाही? मला?"

मला त्यांचा राग यायला हवा होता, थोडा आलाही. शॉपमधले कितीतरी जण हे ऐकायला आसुसले होते. पण समोर बसलेला माणूस पार खचला होता.

"आज तिने पासष्ट काढले," ते पुढे म्हणाले. "दिवसभर. मी मागे होतो. एकदासुद्धा उठली नाही. पाण्याची बाटली भरलेली तशीच. पाय सुजून असा झालाय. रात्रीचं ताट समोर घेतलं आणि घास हातात धरूनच झोपली." मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "जाधव, तुम्ही लोक मला कसे फसवायचात?"

मला आधी कळेचना. ते माझ्याकडे बघत नव्हते, पायरीच्या फरशीकडे बघत होते. "ते फडक्यासारखं. अजून काय काय करायचात? मला शिकवा."

मी हसलो. हसायला नको होतं, पण आलं. म्हणालो, "साहेब, पडद्याला फडकं दिसत नाही. तो नुसते फॉर्म मोजतो. आणि फडकं वगैरे वरवरचं हो. फडकं तुम्हाला सापडावं म्हणूनच होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही फडकं धरलंत, नॉर्म वाढवलात आणि समाधानाने गेलात. त्यानंतरही आमच्याकडे शिल्लक होती. आम्ही आकडा ठरवलेला असायचा. अख्ख्या लाइनचा. पहिल्या शिफ्टचा, दुसऱ्या शिफ्टचा, सगळ्यांचा एकच. त्याच्यावर कुणी जायचं नाही. ज्याचा हात चालतो त्याने तर मुळीच नाही. एक जण पळाला की बाकीचे मेले."

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. तीस वर्षं प्रत्येकाच्या खांद्यामागे उभा राहिलेला माणूस, त्याने एकेक माणूस मोजला होता. लाइन कधी मोजलीच नव्हती.

"कसा ठरवायचात आकडा? काही हिशेब?"

"हिशेब कुठला, साहेब. अंगाला विचारायचं. घरी गेल्यावर पोराला उचलून घेता आलं पाहिजे, एवढा."

ते वर गेले. अर्ध्या तासाने प्रज्ञाने मला बोलावलं. ती पलंगावर बसली होती, मालतीताई तिचा पाय शेकत होत्या. मी तेच पुन्हा सांगितलं. अडचण आम्हा सगळ्यांना दिसत होती. ती पासष्टवर पळाली तर तिचं काम टिकतं. अठ्ठावन्नवर थांबली तर तिसरा लाल, आणि तिसरा लाल म्हणजे काम बंद. पुन्हा ते खिडकीतलं वर्ष. ज्यांचे दोन लाल झालेत अशा तिच्यासह पाचजणी होत्या.

"तू पळ," साहेब म्हणाले. "बाकीच्यांचं बाकीच्या बघतील. तुझा पाय आहे."

"माझ्या कॉम्प्युटरवरून काढलाय त्यांनी आकडा, बाबा," ती म्हणाली. "मी पळाले तर तो खरा ठरेल." मग फोन उचलून तिने पुनावळ्याच्या एकीला लावला. तिथून दुसरीला. साडेअकरापर्यंत ती बोलत होती. ज्यांचे कॉम्प्युटर मंद आहेत त्यांनी जमेल तेवढं करायचं, ज्यांचे वेगवान आहेत त्यांनी जुन्या आकड्यावर थांबायचं. अठ्ठावन्न, एकही वर नाही.

साहेब वहीत काहीतरी करत होते. एकदम म्हणाले, "जाधव, पंचावन्नात बारा टक्के, म्हणजे जवळजवळ सात सेकंद, मिळवले तर बासष्ट होतात. तासाला अठ्ठावन्न." त्यांनी पुन्हा करून बघितलं. "अंगाला विचारून तुमचा आकडा येतो म्हणालात. माझे बारा टक्केच आहेत की हे!"

तो आठवडा बिल्डिंगमध्ये कसा गेला ते सांगता येत नाही. साहेब दिवसातून चारदा खाली यायचे, आमच्या सोफ्यावर बसायचे आणि उठून जायचे. मंगळवारी भोसरीची एक जण चौसष्टवर गेली. घाबरली होती बिचारी, तिच्या घरात तिच्याशिवाय कुणी कमावतं नव्हतं. प्रज्ञा तिच्याशी तासभर बोलली, रागावली नाही. बुधवारी टीम लीडरचा प्रत्येकीला वेगळा फोन आला. काय अडचण आहे, बाकीच्यांना तर जमतंय, असं तो चाळीसही जणींना सांगत होता. गुरुवारी साहेब मला म्हणाले, "उद्या मी तिला सांगणार आहे, पळ म्हणून. मी बाप आहे." शुक्रवारी विचारलं, सांगितलंत का? मान हलवून नाही म्हणाले.

सोमवारी काय झालं ते आधीच सांगून टाकतो. चाळीसच्या चाळीस नावांपुढे लाल खूण दिसल्यावर कंपनीने नॉर्म पुन्हा अठ्ठावन्न केला आणि त्या आठवड्याचा लाल कुणालाच धरला नाही. पुढे दिवाळीनंतर रणपिसे पुनावळ्याला लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहायला गेले. सामान नेताना मी होतो, पण त्या दिवशीचे साहेब मला फारसे आठवत नाहीत. आठवतात ते त्या लाल सोमवारच्या आदल्या शनिवारचे. सोमवारी काय होणार हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

शनिवारी दुपारी माझी सुट्टी होती. राहवेना म्हणून वर गेलो. दार उघडंच होतं. प्रज्ञा पाठमोरी बसली होती, पाय स्टुलावर, आणि साहेब तिच्या डाव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर, हातात स्टॉपवॉच घेऊन. कानावर पेन्सिल. माझे हात सवयीने जड झाले, मी दारातच थांबलो.

प्रज्ञाने शेवटचा रकाना भरला. बोट बटणावर गेलं. तिसरा लाल समोर दिसत असताना ते बोट तिथेच थोपवून धरणं काय असतं, ते तिच्या मानेकडे बघूनच कळत होतं. साहेबांचा चेहरा घामाने भिजला होता. त्यांनी दुसरा हात पुढे केला आणि तिच्या मनगटावर ठेवला.

"थांब," ते म्हणाले. "सात सेकंद आहेत. पाणी पी."

तिने बाटली उचलली, दोन घोट घेतले, खाली ठेवली. साहेब काट्याकडे बघत होते, ओठ हलत होते. मग त्यांनी तिच्या मनगटावरचा हात काढला.

"आता पाठव."